तीनपिंपळीच्या नानांना

नाना,

मारुंजीच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. फोटो कुठला घेतलाय सांगू? पुतण्याच्या लग्नातला, फेट्यासकट. त्यामुळे खालचं 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाचेपर्यंत तो वाढदिवसाचाच फ्लेक्स वाटतो. ऑफिसला जाताना-येताना मी रोज त्याच्याखालून जाते. त्यावर तुमचं सगळं आहे, माजी सदस्य, मंडळाचे आधारस्तंभ, प्रगतशील शेतकरी. फक्त भिवा गाडीवान कुठं नाही. ते कोण लिहिणार म्हणा. त्या नावानं तुम्हाला जगात तीनच माणसं ओळखतात, त्यातली एक मी.

मला कालपर्यंत रडू आलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. सायली रडली. इम्रान दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून रडला. मी त्या गुरुवारी हिंजवडीत मीटिंगमध्ये होते. सायलीचा फोन आला की नाना गेले, सकाळी धार काढताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी 'बरं' म्हणाले आणि परत आत जाऊन बसले. कुणीतरी कामाच्या तारखा विचारल्या, त्या मी बरोबर सांगितल्या. तेव्हापासून माझं हे असंच चाललं होतं. जेवत होते, झोपत होते, कपडे इस्त्रीला टाकत होते. मलाच माझा राग यायचा, पण तोही नीट यायचा नाही.

तुम्ही पहिल्यांदा वर आलात तो रविवार आठवतोय? मी आणि सायली तुमच्या भाडेकरू, गच्चीवरच्या दोन खोल्यांत. तुमच्याच गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, पौडचा इम्रान दुपारी दुकान बंद करून खेळायला यायचा. तिघांचा खेळ रंगात आला होता आणि इम्रान मोठ्यानं ओरडला, "कापा त्याला!" दोन मिनिटांत तुम्ही दारात. झोपमोड झालेली, पायात चपला नाहीत आणि हातात म्हशींची काठी.

"कोन कुनाला कापतंय?"

इम्राननं तुम्हाला फासा दाखवला, वीस बाजूंचा. तुम्ही तो हातात घेऊन बराच वेळ फिरवलात आणि काठी दाराला टेकवून बसलात. त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी तीन वाजता बसत होतात. संध्याकाळी काकूंनी विचारलं, वर काय करत होता एवढा वेळ, तर तुम्ही दिलेलं उत्तर मी जिन्यात उभी राहून ऐकलं होतं. "वग आसतो का न्हाई तमाशातला, तसं हाय. बाई गोष्ट सांगत्यात, आपुन तिच्यातली मानसं व्हायचं. आता काय करायचं ते आपुनच ठरवायचं. जमलं का न्हाई ते फासा सांगतो." माझ्या ऑफिसातल्या लोकांना हा खेळ मला इतक्या कमी शब्दांत कधी समजावता आला नाही. तोपर्यंत तुम्ही मला मॅडम म्हणायचात. त्या दिवसापासून बाई. शाळेतल्या बाईंसारखी वही घेऊन बसते म्हणून.

वहीच होती ती, दोनशे पानी. तिच्यात माझी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलेली होती. राणीवर विषप्रयोग झालाय, गडावर ती मरणाच्या दारात आहे, औषध सायलीच्या झोळीत, इम्रान तिरंदाज, आणि तिघांनी पंधरा दिवसांत गड गाठायचा. तुम्ही कोण होणार विचारलं तर म्हणालात, गाडीवान. मी म्हटलं, नाना, सरदार व्हा, जादूगार व्हा. "न्हाई. गाडीवान. नाव भिवा." वाटेत एक गाव लागतं, तीनपिंपळी. माझ्या वहीत त्या गावाला अर्धी ओळ होती. 'तीनपिंपळी – घोडे बदलतात.' बस्स.

मी वर्णन केलं, दुतर्फा शेतं आहेत, ज्वारी उभी आहे. तुम्ही विचारलंत, "हितं पानी कुटनं येतं?"

मी म्हटलं, ओढा आहे.

"वढा उन्हाळ्यात आटत आसंल की. मग?"

मला काय माहीत मग काय. मी म्हटलं, मग लोक त्रासात असतात. झालं. भिवा गाडीवान गाडीतून उतरला तो उतरलाच. तीनपिंपळीला चर खणून पाणी आणल्याशिवाय पुढं जायचं नाही. सायली आणि इम्रान माझ्याकडे बघायला लागले, मी वहीकडे. त्यांना वाटलं एक रविवार जाईल. मलाही तसंच वाटलं.

दोन वर्षं, नाना! माझी राणी दोन वर्षं मरणाच्या दारात पडून होती. इम्रान दर रविवारी आल्या आल्या विचारायचा, "गेली का वाचली?" आणि मी दात ओठ खाऊन सांगायची, अजून आहे. तुम्हाला रस्त्यावर आणायला मी काय काय केलं. गडावरून घोडेस्वार दूत पाठवला, घामाघूम, राणीची अंगठी घेऊन. तुम्ही त्याला बसवलंत, भाकरी दिलीत, घोड्याला पाणी दाखवलंत आणि दुसऱ्या दिवशी चर खणायला उभा केलात. राणीचा दूत, कुदळ घेऊन! नंतर मी गावात एक म्हातारी मारली. तिच्या दहाव्याला कावळा शिवत नाही, कारण तिला गडावरचं गुपित सांगायचं राहिलंय, असा माझा बेत. तुम्ही म्हणालात, "घाटावर रोज चार दहावे आसतात बाई, कावळ्यांची पोटं भरली आसतील." 

चिडायचे मी. तुमच्या तोंडावरही चिडलेय. नाना, मी आठवडाभर बसून लिहिते, त्याला काही किंमत आहे की नाही? तुम्ही खजील व्हायचात, खरंच व्हायचात, मान खाली घालायचात. आणि पुढच्या रविवारी पुन्हा कुठल्या तरी बांधावर जाऊन उभे.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. साधारण चौथ्या महिन्यापासून मी वहीचं डावं पान कोरं ठेवायला लागले. उजव्या पानावर माझी गोष्ट, डावं पान नानांचं. जे काही चांगलं झालं ते सगळं डाव्या पानांवर आहे. त्या दोन भावांचं बांधाचं भांडण घ्या. माझ्या उजव्या पानावर तलवारी होत्या, रक्त होतं. तुम्ही म्हणालात, "बांधाचं भांडान तलवारीनं मिटत न्हाई, मोजनीनं बी न्हाई. जेवायला बसवून मिटतं, ते बी कवा कवा." मग भिवानं दोघांना एका पंगतीत बसवलं, आणि धाकटा आधी वाढा म्हणाला की थोरला, यावर आपण तासभर फासे टाकले. इतकी हसले होते मी त्या दिवशी. हे तुम्हाला त्याच वेळी सांगायला काय झालं होतं मला? सांगितलं असतं तर तुम्ही कायमचे डावीकडेच राहाल, अशी भीती होती.

आणि तीनपिंपळी म्हणजे काय हे मला कळत नव्हतं असं नाही. चौथ्या-पाचव्या रविवारीच कळलं. गावाला विहीर पाहिजे म्हणालात. घ्या म्हटलं. तर म्हणे, "गावाच्या उगवतीला घ्या. डाव्या अंगाच्या पायऱ्या ढासळलेल्या घ्या. वर उंबर घ्या." ज्या विहिरीच्या पायऱ्यासुद्धा माहीत आहेत ती मनातली विहीर नसते. नंतर एकदा भाजी आणायला गेले असताना काकूंनी दाखवलं, ती समोरची सोसायटी आहे ना, तिच्या पार्किंगच्या जागी आमची विहीर होती.  पुढच्या वेळी तुम्ही ओढ्यावरच्या दगडी बांधाचं सांगायला लागलात तेव्हा मी घाई केली नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

हे सगळं माहीत असूनही मी जे केलं ते केलं. त्यासाठीच हे लिहायला बसलेय.

भावानं बावधनला फ्लॅट घेतला आणि मी पुढच्या महिन्यात तिकडे राहायला जायचं ठरलं. गोष्ट अर्धी टाकून जायची मला सवय नाही. मी तुम्हाला म्हटलं, आता शेवट करू. तुम्ही म्हणालात, बावधन काय परदेश हाय का, रविवारी यायचं. मी म्हटलं, नाही जमणार दर रविवारी, आणि नाना, गोष्टीला शेवट लागतो. तुम्ही म्हणालात, "गडाला शेवट आसंल. गावाला कुटला?" मी तावातावानं म्हटलं की गोष्ट मी सांगतेय, गाव नाही. तुम्ही तंबाखू मळायला लागलात. ते भांडण तिथंच राहिलंय. 

शेवटच्या रविवारी मी तीनपिंपळीवर सैन्य आणलं. गाव जाळायचं, म्हणजे तुम्हाला तिथं थांबायला काही उरणार नाही आणि तुम्ही गडाकडे निघाल. साधा हिशोब. दुसरा कुणी असता तर लढला असता, हरला असता, निघाला असता. भिवा गाडीवान पागोटं सावरत एकटा सेनापतीपुढे जाऊन उभा राहिला. तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलात आणि माझ्याकडे बघून बोलायला लागलात, "सायेब, ह्या वाटंनं गेलासा तर गाडं चिखलात रुतत्याल. दोन दिस जात्याल तुमचं. मी वरच्या अंगानं वाट दावतो, मळ्याच्या कडंकडंनं. गावाला हात लावू नगा. गावात लुटायला काय बी न्हाई, निस्ती मानसं हायेत." सायली तोंडावर हात ठेवून बघत होती. मी दोन वर्षांत ऐकलेलं ते सगळ्यात चांगलं बोलणं होतं.

आपल्याकडे नियम होता. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते खेळणाऱ्याला दिसू नये, म्हणून असा फासा मी दोन फायलींच्या आडोशाला टाकायची. सेनापती हट्टी, म्हणून पंधरा किंवा वर पडायला हवं होतं. मी फासा टाकला आणि सांगितलं, "चार."

तुम्ही उभेच होतात.

"फासा दावा बाई."

मी फासा उचलून मुठीत धरला. नियम आहे नाना, म्हटलं. तुम्ही माझ्या मुठीकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "बरं," म्हणालात. मग मी गाव जाळलं. व्यवस्थित, एकेक घर घेऊन, कारण तुमच्यामुळे मला प्रत्येक घर पाठ होतं. ते होईस्तोवर तुम्ही बसून राहिलात आणि म्हशींची वेळ झाली म्हणून खाली गेलात.

बुधवारी संध्याकाळी आपल्या 'तीनपिंपळी ग्रामस्थ' ग्रुपवर तुमचा मेसेज आला, रविवारी तीन वाजता बाईला वेळ हाय का. मी लिहिलं, बघू. माझ्याकडून तुम्हाला गेलेला शेवटचा शब्द तोच.

कासारसाईच्या धरणावर तुमचा दहावा झाला. मंडप, माइक, महाराजांचं प्रवचन, मग तालुक्यातली सगळी मोठी माणसं एकेक करून बोलली. तुम्ही भाषणांत कसे चुळबुळायचात ते आठवत मी मागं बायकांत उभी होते. काठावर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, एकही खाली येईना. तुमचा मोठा मुलगा म्हणाला, नाना, म्हशी इकनार न्हाई. काकूंचा भाऊ म्हणाला, बहिणीला अंतर देणार नाही. कावळे हलेनात. मग तुमच्या थोरल्या भावानं सगळ्यांकडे वळून विचारलं, "आजून कुनाचं काय ऱ्हायलंय का? आसंल तर बोला बाबांनो."

इम्राननं वळून माझ्याकडे बघितलं. त्याला काही माहीत नव्हतं, तो सहजच बघत होता. पण माझ्या घशाशी शब्द आला होता, एकच. तीनशे माणसांपुढे एका भाडेकरू बाईनं खेळातल्या फाशाचा आकडा सांगायचा? लोक काय म्हणाले असते, असा विचार केला मी, नाना. तुमच्या दहाव्याला उभी राहून, लोक काय म्हणतील. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला बसले. कावळ्यांची पोटं भरली असतील, हे तुमचंच वाक्य मी स्वतःला दोन-तीनदा सांगून बघितलं. पटलं नाही.

चार दिवसांनी काकूंनी बोलावलं. त्यांच्या हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काहीतरी काढलेलं. "बुधवारी सांच्याला बसून काढत हुते. रयवारी बाईला दावायचंय म्हनले. मला ह्यातलं काय उमगंना, तुमचं काय ते बगा."

तीनपिंपळी होती. ओढा, बांध, विहीर, एकूण एक घर. जळालेल्या घरांवर फुल्या, आणि कुठलं आधी उभं करायचं त्याचे आकडे. कडेला तुमच्या वळणदार, शाळा सोडलेल्या अक्षरात टिपणं. 'पयली विहीर उपसायची, राख पडली आसंल.' 'म्हाताऱ्या मानसांना देवळात झोपवायचं.' 'दूताचं घर बी धरायचं.' आणि अगदी खाली, 'बाईला फासा इचारायचा न्हाई.'

हे मी किती वेळा वाचलं असेल. तुम्हाला कळलं होतं का? कळलं म्हणून विचारायचं नव्हतं, की विचारलंत याचीच तुम्हाला लाज वाटत होती? माझ्यावर संशय घेतला म्हणून? पहिलं असेल तर निदान तुम्ही मला ओळखून होतात. दुसरं असेल तर मी तुम्हाला खोटं बोलून वर तुम्हालाच खाली बघायला लावलं. आता हे कोण सांगणार मला? काकू म्हणाल्या चहा घ्या, मी घेतला.

काल रविवार होता. इम्रानचाच आग्रह, ताई, तुमाला शेवट करायचा व्हता ना, करून टाकू. तीन वाजता गच्चीवर बसलो. सायलीनं झोळी उचलली, इम्राननं धनुष्य, आणि तिघांऐवजी दोघं निघाले. आणि नाना, ते सरळ गेले. मी जिकडे वळा म्हटलं तिकडे वळले. पूल आला, ओलांडला. वाटेत मी म्हटलं, दुतर्फा शेतं आहेत, ज्वारी उभी आहे. आणि सवयीनं थांबले. कुणी काही विचारलं नाही. सायली हळूच म्हणाली, "पुढे?" पुढं गड. पहारेकऱ्यानं सोडलं. राणीनं औषध घेतलं, डोळे उघडले. सगळं उजव्या पानांवर होतं तसंच्या तसं, एका अक्षराचा फरक नाही. दोन वर्षांपूर्वी मला हवं होतं ते सगळं दीड तासात झालं.

"झालं?" इम्रान म्हणाला.

"झालं."

"चांगली व्हती," तो म्हणाला, आणि फासा डबीत ठेवायला लागला.

दहाव्याला तुमच्या भावानं विचारलं तेव्हा जे निघालं नव्हतं, ते त्या डबीच्या आवाजानं निघालं. मी पिशवीतून कॅलेंडरचं पान काढून त्यांच्यापुढे पसरलं. तळाची ओळ त्यांनी वाचली. मी म्हटलं, "अठरा पडला होता. मी चार सांगितलं."

सायलीनं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली, अगदी तुम्ही घालायचात तशी.  इम्रान कितीतरी वेळ त्या फुल्यांवरून बोट फिरवत राहिला, घराघरावरून. मग त्यानं डबी उघडली, फासा परत बाहेर काढून पानावर ठेवला.

"म्हंजे गाव हाय," तो म्हणाला.

"आहे."

"मग भिवा कुटं हाय आता?"

मी वही उघडली. उजव्या पानावर राणी बरी झाली होती. डावं पान कोरं होतं. तेव्हा मला रडू आलं, नाना. सायलीनं पाणी आणलं, खालून काकूंनी काय झालं गं म्हणून हाक मारली, इम्राननं त्यांना 'काही नाही' म्हणून सांगितलं.

तर अठरा. तुम्ही विचारलं होतंत, म्हणून सांगितलं. सेनापतीनं तुमचं ऐकलं. भिवानं सैन्याला वरच्या अंगानं, मळ्याच्या कडेकडेनं वाट दाखवली, आणि तिन्हीसांजेला गाडी घेऊन तो गावात परत आला. गाव जागच्या जागी होतं. पुढचं मी काहीच लिहिलेलं नाही.